ड्रॅगनला पडसं झालंय

इन्व्हरनेसला डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच काळोख पडतो.
इश्बेल गन आणि मी, शेजारी शेजारी, कानांवर हेडफोन,
रात्रपाळीला अँब्युलन्सचे फोन घेतो.
पत्ता सांगा. श्वास चालू आहे का?
नाही, फोन ठेवू नका, मी आहे इथेच.
हे वाक्य एका रात्रीत चाळीसदा.
पुढचं काही कळत नाही.
गाडी पोचली की ते घर आमच्या कानांतून निघून जातं,
अर्धवट, दार सताड उघडं.

पहाटे तीनला अर्ध्या तासाची सुट्टी.
तेवढ्यात ती लिहिते. कॉफी गार होते.
बोटभर उरलेली पेन्सिल,
वहीच्या पाठीवर टायरच्या दुकानाची जाहिरात.
मला वाटायचं, असणार खूनबिन.
इतक्या किंकाळ्या ऐकून माणूस दुसरं काय लिहिणार?

तर, डोंगराआड एक गाव. गावात बेकरी.
भट्टी पेटवायला नोकरीवर ठेवलेला एक म्हातारा ड्रॅगन;
पगार रोजचे दोन पाव, आणि रविवारी शेपटीला तेल.
प्रकरण पहिलं: ड्रॅगनला पडसं झालंय.
शिंकतो, पण ठिणगी नाही. नुसता धूर.
गावात पाव नाही.
बस्स. एवढंच संकट, आणि तीनशे पानं.

मी हसलो. म्हटलं, दुष्ट राजा कुठाय?
काळी फौज? निदान एखादा तरी मरायला नको?
ती पेन्सिलीला टोक करत म्हणाली,
"तुझा शेवटचा फोन कसला होता, टॉर्क्विल?"

नेअर्नचा होता.
सहा वर्षांची मुलगी, आई जिन्याखाली पडलेली.
गाडी येईपर्यंत काय करू, म्हणाली.
मी म्हटलं, पायऱ्या मोज. मोठ्यानं मोज.

त्या सकाळी मी वही मागून घेतली.
बसमध्ये उघडली आणि वाट बघत बसलो,
आता काहीतरी होणार, आता होणार.
सवयच ती, जीव मुठीत धरायची.
पान उलटलं, तर पुलावरचा राक्षस
(एरवी सुट्ट्या पैशांवरून गावाशी भांडणारा)
आपला अकरा हाती मफलर घेऊन आलेला.
मग चेटकीण आली. तिला मंत्र येतो एकच,
हरवलेली बटणं परत आणायचा.
तिनं आणली. एकशे चार.
पडशाला उपयोग शून्य, पण कुणी तिला तसं म्हणालं नाही,
सगळ्यांनी आपापली बटणं शोधून घेतली
आणि कांद्याचं सूप होईपर्यंत शिवत बसले.

मर्किंचचा थांबा मागे गेला. मी उतरलोच नाही.
त्या वहीत कुणी दारावर थाप मारली
की पुढच्याच ओळीत दार उघडतं.
निघालेला माणूस पोचतो,
ओले बूट काढतो, ते वाळताना आपल्याला दिसतात.
मी दोनदा मागे जाऊन ते बूट वाचले.

प्रकरण चौदा.
एक लहान मुलगी बेकरीचा जिना उतरते, मोठ्यानं मोजत.
अकरा. बारा. तेरा.
खाली तिची आई कोपरापर्यंत पिठात,
म्हणते, "हळू गं, शेवटची पायरी उंच आहे."

आकडा मी इश्बेलला सांगितला नव्हता.
शेजारच्या खुर्चीत ऐकू जात असेल.
तेरा हा शब्द तिनं इतका गिरवला होता
की कागद मागून उमटला होता.

दुसऱ्या रात्री वही परत केली.
तिच्यावर एक नवी पेन्सिल ठेवली, अख्खी.
त्या जिन्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.
एवढंच विचारलं, बरा होतो का गं तो शेवटी?
"घाई काय आहे?" ती म्हणाली.
"शेजारच्या गावाहून पाव येतायत तोवर.
जरा शिळे असतात, पण भाजले की चालतात."

साडेतीन वाजले. समोरचा दिवा लागला.
तिनं हेडफोन चढवला, मीही.
कॉफी तशीच, वर साय धरलेली.
वही उपडी पडलेली,
आणि आत ड्रॅगनचं नाक अजून वाहतंय.